जिवंत माणसाच्या फोटोला हार

बस जरा माझ्याजवळ, पोरी. कागदावर का होईना, पण बस. फोनवर तू म्हणतेस, "मावशी, मीटिंगमध्ये आहे," आणि मी पुढचं बोलायच्या आत फोन बंद. एवढी शिकलेली तू, सिनेमा काढलेली, आणि भरल्या हॉलमध्ये स्वतःच्या मावशीचं नाव घेऊन लोकांना हसवतेस? हसव बाई, लोकांना हसवणं काही वाईट नाही. पण ज्या गोष्टीवर हसवलंस ती मी केलेलीच नाही, आणि ते तुलाही ठाऊक आहे असा मला आता दाट संशय आहे. तेवढ्यासाठी हे लिहायला बसले. वाचणाऱ्यांना यातलं काही माहीत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते. तू मध्ये मध्ये बोलू नको. मध्ये बोलायची सवय तुझ्या आईचीच.

ही माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. आता दूर मोठ्या शहरात असते, तेव्हा इथेच नागपूरला नोकरीला होती. शनिवार-रविवार सुट्टी. बाकीच्या पोरी सुट्टीत झोपतात, फुटाळा तलावावर फिरायला जातात. ही सिनेमा काढायला निघाली. मागे कंपनी नाही, पैसे लावणारा कोणी शेठ नाही. चार-सहा मैत्रिणी-मित्र, आणि एक लग्नाची शूटिंग करणारा भला माणूस, त्याचा कॅमेरा. त्यामुळे या सिनेमाचं सगळं पंचांगावर. ज्या शनिवारी लग्नाचा मुहूर्त त्या शनिवारी कॅमेरा नाही. मी कॅलेंडर घेऊन बसायची आणि हिला सांगायची, "या हप्त्यात लग्नाची तिथ दाट आहे, तुझा सिनेमा होत नाही." सिनेमावाले मुहूर्त पाहून सुरू करतात म्हणतात. आमचा सिनेमा मुहूर्त नसेल तेव्हाच चालायचा.

जागा म्हणजे आमची समोरची खोली. आमचं घर पाचपावलीच्या बाजूला, विणकरांच्या गल्लीत. सासऱ्यांचा माग होता त्या खोलीत, खड्ड्यात पाय सोडून बसायचे तो. माग गेला, खड्डा बुजवून वर फरशी बसवली, तरी फरशीचा तेवढा चौकोन अजून वेगळा दिसतो. खोलीला दोन दारं, एक आतून आमच्या स्वयंपाकघराकडे आणि एक बाहेर गल्लीत. गल्लीतलं दार कधीचं कुलपातच. वर माझी धाकटी जाऊ राहते. खाली मी आणि हे. यांचं दुकान गल्लीच्या तोंडाशी, पंपाच्या जळलेल्या मोटारींचं वाइंडिंग करायचं. नरखेड-काटोलकडचे संत्र्याचे बगीचेवाले अजूनही मोटारसायकलवर पंप बांधून यांच्याकडेच आणतात.

सिनेमाची गोष्ट साधी होती. बाप वारला आहे, बाहेरगावी राहणारी मुलगी घर बंद करायला येते, आणि एक-एक वस्तू उचलताना तिला बाप नव्याने कळत जातो. बाप पडद्यावर कुठे दिसतच नाही. फक्त भिंतीवर त्याचा फोटो, फोटोला चंदनाचा हार, काचेवर कुंकवाचा टिळा. गेलेल्या माणसाच्या फोटोला लावतात तसाच. मुलीचं काम करणारी पोरगी एरवी शाळेत शिकवते. सकाळी खोली तीच झाडायची, मग कॅमेऱ्यासमोर उभी राहून रडायची, आणि रडून झालं की माझ्याबरोबर पोह्यांवर तर्री वाढायला यायची. इथे सगळ्यांनी सगळंच करायचं. उजेड तोंडावर वळवायला पांढऱ्या थर्माकोलचा तुकडा उन्हात धरून उभं राहायचं काम मीसुद्धा केलंय.

आता फोटो कुणाचा लावायचा? इथेच घोडं अडलं. हिने आधी एका नाटकवाल्याला विचारलं. झाडीपट्टीच्या नाटकांत आयुष्य काढलेला माणूस. तो म्हणाला, "बाई, स्टेजवर मी रोज मेलो. तलवारीनं मेलो, विषानं मेलो. पण माझ्या फोटोले हार? ना वं माय. घरी बायको आहे." दुसऱ्याने फोटो दिला, आणि रात्रीतून त्याच्या सुनेचा फोन आला, फोटो परत करा. कुणा खऱ्याच गेलेल्या माणसाचा लावावा, तर त्याच्या घरचे काय म्हणतील? आणि हिला तर नाक-डोळे त्या शाळेच्या मास्तरणीशी जुळणारे हवे होते. हातातला चहा गार करत ही आमच्या ओट्यावर रडवेली होऊन बसली.

हे जेवत होते. ताटावरूनच म्हणाले, "माहा लाव ना. माहं नाक का वाईट आहे?"

माझी पोळी तव्यावर करपली. मागच्याच वर्षी यांची अँजिओप्लास्टी झालेली. डॉक्टरांनी ठणठणीत आहे म्हणून सांगितलं होतं, पण घरात ती गोष्ट नुकती शिळी होत आली होती. मी म्हटलं, "अहो, काही बोलता का?"

"काय बोललो? हारानं माणूस मरत असता, तर निवडणुकीत उभा राहिलेला एकही वाचला नसता."

ही हसली, मीही हसले, आणि हसण्यात होकार होऊन गेला. पण मी हिला बाजूला घेऊन म्हटलं होतं, "पोरी, दुसरं काही जमत असेल तर पाहा." हे तुला आठवतं ना? तिथूनच तुझ्या मनात पाल चुकचुकली असणार की मावशीला हे पटलेलं नाही. खरंच नव्हतं पटलं. पण पटलं नाही म्हणजे चोरून काही केलं, असं होत नाही.

दुसऱ्याच शनिवारी फोटो भिंतीवर चढला. यांच्या निवृत्त होणाऱ्या कुणा मित्राच्या कार्यक्रमातला, कोट घातलेला. इतवारी बाजारातून आणलेला चंदनाच्या सालींचा हार, मधोमध लाल गोंडा. मी त्या खोलीत पाय ठेवला आणि आधी हे कुठे आहेत ते पाहिलं. हे मात्र समोर उभे राहून स्वतःलाच नमस्कार करत होते. "फार चांगला माणूस होता," म्हणाले. सगळी पोरं पोट धरून हसली.

जिन्यावरून जाऊ बोललीच. "जित्या माणसाच्या फोटोले हार! या घरात आता काय काय पाहा लागते रे देवा." तिने पदर तोंडाला लावला आणि वर गेली. हेही तू ऐकलं होतंस.

शूटिंग सुरू झालं की घर आपलं राहत नाही. आवाज रेकॉर्ड करणारा पोरगा कानाला भोंगे लावून बसायचा. त्याला कूलर चालायचा नाही, फ्रिज चालायचा नाही. नागपूरचं ऊन, खिडक्यांना घोंगड्या, आणि आम्ही सगळे घामाने निथळत चूप. गल्लीतून भंगारवाला ओरडत गेला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. एकदा फ्रिज परत लावायचा विसरला आणि माझं सगळं दही आंबलं. ते मी मनावर घेतलं नाही. मी मनावर घेतलं ते पुढचं.

शनिवार-रविवार शूटिंग झालं की खोली आहे तशी ठेवून कुलूप लावायचं, म्हणजे पुढच्या वेळी सगळं जसंच्या तसं मिळावं. एक चष्मेवाली मुलगी जाताना खोलीच्या कोपऱ्या-कोपऱ्याचे मोबाईलवर फोटो काढायची आणि पुढच्या शनिवारी ते पाहून वस्तू जुळवायची. पेला इथे, वर्तमानपत्र तिथे, खुर्ची एवढी तिरपी. बघणाऱ्याला सगळं एकाच दुपारी घडलंय असं वाटलं पाहिजे, आणि आम्ही तर ती दुपार किती महिने काढत होतो! आतल्या दाराची चाबी माझ्याजवळ. देवघरामागच्या खिळ्याला.

पुढच्याच शनिवारी ती चष्मेवाली मोबाईल पाहते, भिंत पाहते, परत मोबाईल पाहते. "मावशी, हार असा नव्हता."

"मग कसा होता?"

"गोंडा मधोमध होता. आता डावीकडे गेलाय. आणि हे टोक एवढं लांब नव्हतं."

मी म्हटलं, वाऱ्याने हलला असेल. बंद खोलीत कुठून वारा, असं कोणी बोललं नाही, पण सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला ओळखता येतं. लग्न होऊन या घरात आले तेव्हा साखर कमी झाली की सासूबाई असंच पाहायच्या.

पुढच्या वेळी तेच. हार दुहेरी करून लावलेला. त्याच्या पुढच्या वेळी काचेवरचा टिळा पुसून नवीन लावलेला, आधीच्यापेक्षा मोठा. आता हे वाऱ्याचं काम नव्हतं. कोणीतरी आठवड्यात त्या खोलीत जात होतं, हार काढत होतं आणि परत लावत होतं. सिनेमा म्हणजे सगळी वर्गणी काढून चालवलेली धडपड. कॅमेरा कधी मिळेल, कधी नाही. घेतलेलं पुन्हा घ्यायला वेळ कुठला? एका दृश्यात गोंडा मध्ये, दुसऱ्या दृश्यात बाजूला, मग जोडायचं कसं? माझ्या भाचीचं तोंड उतरलेलं मला पाहवत नव्हतं. आणि तिने अजून मला काही विचारलं नव्हतं, ते तर त्याहून वाईट.

तेव्हा मीच शोधायला लागले. आधी संशय आला त्या शाळेच्या मास्तरणीवर. ती शनिवारी उपास करायची, शूटिंगच्या आधी डोळे मिटून काही पुटपुटायची. मग वाटलं आवाजवाला. रात्री कुठे राहतो, काय करतो, कोणाला माहीत? मग माझी नजर जिन्याकडे गेली आणि तिथेच थांबली. जाऊ. तिने पहिल्याच दिवशी बोलून दाखवलेलं. तिच्या गॅलरीतून आमच्या खोलीची वरची खिडकी दिसते. काठी घालून हार हलवता येईल का, हे मी एका दुपारी झाडूचा दांडा घेऊन स्वतः करून पाहिलं. दांडा पोचेना. शेजारीण विचारते, "काय वं, जाळे काढून राहिली का?" मी म्हटलं, हाव, जाळे.

चाबी देवघरामागून काढून कमरेला खोचली. आतल्या उंबऱ्यावर बारीक रांगोळी भुरभुरवली, पाऊल उमटेल म्हणून. भीती मात्र वेगळीच होती. कोणी यांचं वाईट तर चिंतत नाही ना? हार काढणारा माणूस चांगल्या मनाचा की लावणारा? मी आता कुणाकडून काही खाल्लं तरी दोनदा विचार करायला लागले होते. जावेने वरून वाटीभर चिवडा पाठवला, तो मी कावळ्याला घातला.

हे सगळं यांना दिसत होतंच. जेवताना मला चिडवायचे. "काय म्हणते सीआयडी? सापडला का चोर?"

"तुम्हाला काही वाटत नाही? तुमचाच फोटो आहे तो."

"मांजर असंल."

"मांजर कुलूप उघडून येते का?"

"आजकालच्या मांजरांचं काही सांगता येत नाही बाप्पा." आणि भाताचा घास घेतला.

शनिवार उजाडला. रांगोळीवर एक चिमणीचं पाऊल नाही. चाबी माझ्या कमरेला. आणि भिंतीवर गोंडा पुन्हा भलतीकडे! मी चष्मेवालीला काही कळायच्या आत गोंडा सरळ करायला हात वर केला, आणि नेमकी त्याच वेळी ही दारात. माझा हात हारावर. तिने पाहिलं आणि घोंगड्या बांधायला गेली. पोरी, त्या दिवशी तू बोलली असतीस तर बरं झालं असतं. तुझ्या त्या न बोलण्याने मला दिवसभर तापलेल्या पत्र्यावर बसल्यासारखं झालं.

शेवटचं शूटिंग राहिलं. मुलगी घर सोडून निघते, दारातून एकदा बापाच्या फोटोकडे पाहते, एवढंच. हिला सकाळचं कोवळं ऊन भिंतीवर हवं होतं. सांगितलेल्या वेळेच्या कितीतरी आधीच सगळे येऊन दारात उभे. मी आंघोळ करून नुकती बाहेर आलेले. हे दूध आणायला गेलेले. मी कुलूप उघडलं.

भिंतीवर फोटो. हार नाही. टिळा नाही. काच लख्ख पुसलेली.

खोलीभर शोधलं. पलंगाखाली, कपाटावर. हार कुठेच नाही. ऊन भिंतीवर चढत होतं आणि पुढे सरकत होतं. आवाजवाला म्हणाला, "आता लाइट जाऊन राहिली." तेव्हा ही माझ्यासमोर येऊन उभी राहिली. डोळ्यांत पाणी.

"मावशी, तुला नको होतं ना? तर मग तोंडावर सांगायचं होतं. मी दुसरं काही केलं असतं. हे असं का?"

"मी नाही काढला, पोरी. तुझ्या आईची शपथ."

"आईला कशाला मध्ये आणतेस? चाबी कुणाजवळ होती?"

माझं डोकं फिरलं. मी जिन्याकडे बोट केलं. "हिनं काढला! पहिल्या दिवसापासून हिच्या पोटात दुखून राहिलं!"

जाऊ तिथेच पायरीवर उभी. तिने कमरेवर हात ठेवले. "मी काढला असता ना ताई, तर कचऱ्याच्या गाडीत टाकला असता. परत कशाले लावत बसली असती हप्त्या-हप्त्याले? मले का दुसरे कामं नाहीत?"

इतक्यात हे दुधाची पिशवी घेऊन दारात आले. सगळी मंडळी पाहून थबकले. मी म्हटलं, "पाहा, हार गेला." हे भिंतीकडे पाहत राहिले, मग भाचीकडे. दूध आत नेऊन ठेवायचंही भान नाही. मला वाटलं, माणूस भांडण पाहून घाबरला.

हिने फोटो भिंतीवरून काढला, चादरीत गुंडाळला आणि सामान आवरलं. जाताना मला नमस्कार केला, पण वाकली नाही. बाकीचं शूटिंग मैत्रिणीच्या खोलीत भिंतीला तसाच रंग देऊन, नवा हार आणून केलं म्हणे. ते मला दुसऱ्याकडून कळलं.

आता मला सांग, किती दिवस मला अन्न गोड लागलं नसेल? मी ते सोडून देते. पण जावेचं ते बोलणं डोक्यातून जाईना. परत कशाले लावत बसली असती? खरंच की. ज्याला हार नको होता त्याने तो परत का लावावा? तेही शनिवारी, पोरं यायच्या आधी? हार खुपणारा आणि पोरीचं मन जपणारा, असा एकच माणूस असला पाहिजे. आणि आतल्या दाराने आला नाही, म्हणजे गल्लीतल्या दाराने. त्या दाराची चाबी हरवली असं मला कित्येक वर्षांपूर्वी कोणी सांगितलं होतं? यांनीच.

मी डबा घेऊन दुकानात गेले. हे मोटारीचं वाइंडिंग भरत बसले होते. तांब्याची तार बोटांतून फिरत होती आणि ओठ हलत होते. वेढे मोजताना हे कधीच बोलत नाहीत. ग्राहक आला तरी एक बोट वर करतात, थांब म्हणून. मी स्टुलावर बसले आणि विचारलं, "गल्लीतल्या दाराची चाबी तुमच्यापाशी आहे ना?"

ओठ थांबले. मोजणं चुकलं. एवढ्या वर्षांत मी यांचं मोजणं चुकलेलं पाहिलं नव्हतं. तार उलगडून ठेवली आणि म्हणाले, "त्या दिवशी लवकर आले थे लोक, मी हार लावाच्या आधी."

"आणि तुम्ही मला मांजर सांगितलं."

"मंग काय सांगू? तू त्या उंबऱ्यावर रांगोळी टाकून राहिली होती. मले हसू येई, अन् भेवही वाटे." मग तारेचं टोक कापडाने पुसायला लागले. "लोक असले का काही वाटत नाही वं. गंमत वाटते. थे गेले, घर सुनं झालं, अन् मी तिकडं बंद खोलीत हार घालून टांगलेला. जेवता-जेवता तिकडंच ध्यान जाय. रविवारी थे गेले का काढून ठेवो. शनिवारी परत लावो. मधले दिवस तरी मोकळं वाटे."

"मग पोरीला सांगायचं ना."

"मीच लाव म्हटलं तिले! कोणत्या तोंडानं सांगू? तिच्या सिनेमाले बाप भेटून नव्हता राहिला." त्यांनी ड्रॉवर उघडला. तारेच्या तुकड्यांत तो हार पडलेला, गोंड्याला ग्रीस लागलेलं. "त्या दिवशी दूध घेऊन आलो, थे सगळे उभे. बोलाले गेलो, तोंडच उघडलं नाही. तिले सांगू नको वं. काकाजी भेले म्हणन. अख्खी टोळी हसन माह्यावर."

छातीत नळी टाकलेल्या माणसाने, जो स्वतःला नमस्कार करून पोरांना हसवत होता त्याने, माझ्याकडे असं पाहिलं. मी म्हटलं, "जेवा आता. भाजी गार होते." आणि त्या दिवसापासून ते काम माझ्या नावावर राहिलं. जावेलाही सांगता येईना. ती अजून मला "हारवाल्या ताई" म्हणते, आणि मी ऐकून घेते.

मग सिनेमा पुरा झाला. इथेच एका छोट्या हॉलमध्ये दाखवला, प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून. पडद्यावर आमची खोली, आमची फरशी. बाजूला हे बसलेले, इस्त्रीचा सदरा घालून. सगळं ठीक चाललं होतं, आणि शेवट आला. मला ठाऊक असलेल्या गोष्टीत मुलगी दारातून फोटोकडे पाहते आणि जाते. पण पडद्यावर ती परत आत आली. खुर्ची ओढली, वर चढली, बापाच्या फोटोवरचा हार काढून खाली ठेवला, पदराने टिळा पुसला, आणि नुसता फोटो छातीशी धरून निघून गेली. माझ्या बाजूला यांनी चष्मा काढला. पुसायला, असं मला नंतर सांगितलं.

सिनेमा संपल्यावर लोक प्रश्न विचारायला लागले. एका चष्मिष्ट माणसाने विचारलं, हार दर दृश्यात बदलतो, त्याचा काही अर्थ आहे का? ही माईक घेऊन म्हणाली, "त्याचा अर्थ माझी मावशी! मी खोली बंद करून गेले की ती हार काढायची, मी यायच्या आधी परत लावायची." हॉल हसला. मान वळवून लोक मला पाहायला लागले. मी पदर सावरला आणि हसले, दुसरं काय करणार? पण मी एक पाहिलं. मावशी म्हणताना ही माझ्याकडे पाहत नव्हती. यांच्याकडे पाहत होती.

आणि निघताना यांच्या पाया पडली. म्हणाली, "काकाजी, पुढच्या सिनेमात तुम्हाला जिवंत ठेवते, पक्कं." हे खो-खो हसले. मी हसले नाही. मी तुझं तोंड पाहत होते.

त्या दिवसापासून मला दुसराच संशय लागलाय, पोरी, आणि तो पहिल्यापेक्षा जड आहे. तुला माहीत होतं. कधीपासून ते मला ठरवता येत नाही. त्या सकाळी दुधाची पिशवी घेऊन उभे राहिलेले हे, ते तूही पाहिलेच असणार. कॅमेऱ्यातून माणसांची तोंडं पाहणारी तू, तुला ते तोंड वाचता आलं नाही? की आधीच कळलं होतं? मी हाराला हात लावलेला पाहून तू घोंगड्या बांधायला गेलीस, तेव्हा? आणि माहीत होतं तर माझ्यासमोर डोळ्यांत पाणी आणून तू जे बोललीस ते काय होतं? तेही शूटिंग होतं का? नाही, तसं नसेल. ते पाणी खरं होतं. मग नंतर कळलं असेल. मग लोकांसमोर माझं नाव घेतलंस ते यांना वाचवायला. मावशी सोसेल, काकाजींना सोसणार नाही, असा हिशोब केलास. हिशोब बरोबर होता. पण मला एकदा बाजूला घेऊन डोळा मारायचा होता ना! मग मी पण निवांत बसले असते. हे असं अर्धवट कळून बसणं फार वाईट. रात्री कूस बदलताना वाटतं, नाही, तिला काही माहीत नाही. ती खरंच मला तसली समजते, म्हणूनच येत नाही, म्हणूनच मीटिंग. सकाळी भाजी चिरताना वाटतं, तिला सगळं माहीत आहे.

हे सगळं मी यांना वाचून दाखवलं. त्यांच्या परवानगीशिवाय कसं लिहिणार? ऐकून घेतलं, बराच वेळ बोटांनी टेबलावर ठोके देत बसले. मग म्हणाले, "लिही. पण भेलो असं नको लिहू. पाहावत नव्हतं असं लिही." म्हणून इथे दोन्ही लिहून ठेवलंय, तुला जे घ्यायचं ते घे. आणि म्हणाले, "तिले म्हण, मी स्वतः सांगतो. फोनवर नाही. फोनवर मले बोलता येत नाही."

तर ये तू. तुझी ती कचेरी त्या मोठ्या शहरात तुझ्यावाचून दोन दिवस बुडत नाही. यांची तब्येत चांगली आहे, परवाच तपासणी झाली, उगाच घाबरून धावत येऊ नको. पण लांबवूही नको. खोली तुझ्यासाठी झाडून ठेवली आहे, कूलर चालू राहील, दही लावीन. हे आधी त्यांचं सांगतील, मग तू तुझं सांग, माझ्या तोंडाकडे पाहून. खरं असेल ते सांग, मला दोन्ही चालेल, फक्त समोर बसून सांग. येत्या शनिवारी कोणता मुहूर्त नाही, मी पाहिलंय. ये लवकर.